डेल्बर्टचा कान

गुरं खोड्यात घालून तपासायचा दिवस होता. नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांवर सकाळपासून वारा असा सुटलेला, की डोळे उघडे ठेवायची सोय नाही. तरी डेल्बर्टची नजर गाईंवर. पांढऱ्या तोंडाच्या गाईंना उन्हानं डोळ्याचा कॅन्सर होतो, अन् तो ज्वारीच्या दाण्याएवढा असतानाच ओळखण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता.

"एक्केचाळीस नंबर," तो म्हणाला. "डावी पापणी, खालनं."

गुरांच्या डॉक्टर कुचेरानं वाकून पापणी उलटली. "हाय. बारकं हाय. आत्ताच काढू. पसरलं तर डोळाच काढावा लागतो."

डेल्बर्टची बायको अर्डिथ कुंपणाला वही टेकून लिहीत होती. गेलं वर्षभर नवऱ्याच्या डाव्या कानावर खपली होती. पडायची, रक्त यायचं, परत धरायची. बाईनं तोंड दुखेपर्यंत सांगितलं. हा गडी म्हणायचा, टोपी घासतेय. आता टाळूवरची टोपी कानाला कुठं पोचत होती, ते त्यालाच ठाऊक.

काम संपल्यावर डॉक्टरनं वही घेऊन वाचायला सुरुवात केली. "एक्केचाळीस, पापणी. त्र्याण्णव, लंगडी. डेल्बर्ट, डावा कान, वाटाण्याएवढं, वर्षापासनं, रक्त येतंय." त्यानं चष्मा सारखा केला. "ह्याच्या कानातला नंबराचा बिल्ला कुठाय?"

"बिल्ला न्हाई. वय अडुसष्ट," अर्डिथ म्हणाली. "खोड्यात घालू का?"

"गप बसा दोघं," डेल्बर्ट म्हणाला.

कुचेरानं कान उन्हाकडं वळवून बघितला. हसला नाही. "माणसाचं मला सांगता यायचं न्हाई. पन गाय असती तर दाखवली असतीस का?"

"असती."

"कवा?"

डेल्बर्टनं बुटानं वाळू उकरली. "मागच्या साली."

पुढच्या आठवड्यात शहरातल्या डॉक्टरीणबाईनं कानाचा तुकडा काढला. कॅन्सरच होता, पण खोल गेला नव्हता. बाई म्हणाली, वेळेत आलात. आता महिन्यातून एकदा अंगभर बघत जा. पाठ आपली आपल्याला दिसत नाही, ती बायकोला बघू द्या, अन् तिची तुम्ही बघा.

झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चहून आलं की स्वैपाकघराच्या खिडकीशी, उजेडात उभं राहायचं. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, पण भर दुपारी एकमेकांना असं कधी बघितलं नव्हतं. दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. डेल्बर्ट तर कॉफी निवतेय म्हणून भराभर उरकायचा.

तिसऱ्या खेपेला तो उरकता उरकता थांबला.

"हलू नको."

"काय हाय?"

"गुडघ्यामागं तीळ हाय. काळा. कडा वेड्यावाकड्या."

"जुना असंल."

"मागच्या महिन्यात नव्हता."

"बरं, गवताचं उरकू दे. मग बघू."

सोमवारी उजाडता अर्डिथ बाहेर आली, तर गाडी चालू, अन् नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आत बसलेला. कापलेलं गवत रानात पसरलं होतं. पश्चिमेकडनं आभाळ भरून येत होतं.

"गवत भिजंल की," ती म्हणाली.

"भिजू दे. बस."

ती दाराला हात लावून उभी राहिली. "मला भ्या वाटतंय, डेल्बर्ट."

"मला बी," तो म्हणाला. "बस."