दुसरा स्क्रू

चिमट्याचं टोक लागताच स्क्रू हलला. मावशीने पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा हलला. हा दुसरा, आणि तोही सख्ख्या भाचीच्या तोंडात.

वेडेवाकडे दात सरळ करण्यात तिची उभी हयात गेली होती. पुढचे दात मागे ओढायचे तर आधाराला खुंटा लागतो, आणि हिरडीतून हाडात बसवलेला हा इवलासा स्क्रू म्हणजेच तो खुंटा. खुंटाच डुगडुगायला लागला तर ओढणार काय, कपाळ?

पहिला निघाला तेव्हा तिने पोरीलाच झापलं होतं. ‘जीभ सारखी तिथे चाळा करतेय. तोंडाला जरा कुलूप लाव.’ पोरीला घरात सगळे रेडिओ म्हणायचे. तेव्हा पोरगी सोडून सगळे हसले होते.

“ताई, ही खरंच बोलत नाही गं,” धाकटी बहीण म्हणाली. “दीड महिना झाला. शाळेच्या नाटकातूनही नाव काढून घेतलं. काय हवं ते वहीत लिहून दाखवते.”

पोरगी खुर्चीत आडवी पडून छताकडे बघत होती. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं.

स्क्रू बसवला की एक्स-रे काढा, असं मावशी शिकाऊ डॉक्टरांना घसा फोडून सांगायची. स्वतः मात्र दोन्ही वेळा काढला नव्हता. इतक्या वर्षांचा हात, बोटांना सगळं कळतं, असा तोरा.

आज काढला. पडद्यावर स्क्रू दाढेच्या मुळाला खेटून बसलेला दिसला. चावताना दाढ हलणार आणि दर घासाला त्याला धक्का बसणार. पोरीने जीभ बांधून ठेवली असती तरी तो टिकला नसता.

पडदा एकट्या मावशीलाच दिसत होता. चार गोड शब्द बोलून दोघींना घरी पाठवता आलं असतं. तसा विचार आला याचीच तिला लाज वाटली. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

“चूक माझी आहे. जागा चुकली. पहिलाही असाच गेला असणार. हिच्या जिभेचा काही संबंध नाही.”

बहिणीने नुसती पर्स मांडीवर घेतली.

भाचीने सवयीने वही ओढली, लिहिलं आणि मावशीपुढे धरलं. ‘मग आता बोलू?’

“बोल गं बाई,” मावशी म्हणाली.

पोरीने तोंड उघडलं. बराच वेळ तसंच उघडं ठेवलं. मग पुन्हा पेन्सिल उचलली.