डाव्या कानातला ऑरिन

त्या बुधवारी पहाटे पाचच्या मोजणीला डेल्फीन रस्क उठली, तेव्हा तिचा डावा कान गप्प होता.

तुरुंगात येऊन तिला चौदा महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत तो कान एकदाही गप्प बसला नव्हता. जेवणाच्या रांगेत, कपडे धुताना, अंघोळीच्या पाण्याखालीसुद्धा तिच्या धाकट्या भावाचा, ऑरिनचा, आवाज तिथे चालूच असायचा. हळू, जरा घोगरा, नाकातून येणारा. ‘तिसरी रांग, निळा झगा. नवरा. यकृत. नाव आर्थर. सावकाश घे, डेल, आधी तिला रडू दे.’

तुरुंगात येण्याआधी एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. टीव्हीवर डेल्फीन रस्कचा कार्यक्रम लागला की ओहायोपासून टेक्ससपर्यंत लोक हातातला घास हातात धरून बसायचे. प्रकाशात ती एकटी उभी राहायची, डोळे मिटायची, छातीवर हात ठेवायची, आणि समोरच्या अनोळखी बाईला तिच्या मेलेल्या माणसाचा निरोप सांगायची. बाई ढसाढसा रडायची, तिच्यामागे अख्खा देश डोळे पुसायचा. आणि पडद्यामागे, कपाटाएवढ्या खोलीत, ऑरिन तिकिटांवरची नावं, जुन्या वर्तमानपत्रांतल्या मृत्यूच्या बातम्या आणि बाहेरच्या रांगेत चोरून ऐकलेल्या गप्पा पुढ्यात घेऊन बसलेला असायचा. डेल्फीनच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र होतं. मेलेलं एकही माणूस तिच्याशी आयुष्यात कधी बोललं नाही. बोलायचा तो ऑरिन.

मग केंद्र सरकारच्या पोलिसांची चौकशी सुरू झाली आणि तिच्या कानात यंत्र घालणाऱ्या ऑरिनने चार महिने स्वतःच्या छातीला दुसरं यंत्र बांधलं. तिच्याच स्वयंपाकघरात बसून, तिच्या हातचं खात, तो तिचं बोलणं टिपून घेत राहिला. कोर्टात ते ऐकवलं गेलं. त्यात डेल्फीन हसत होती. हॅच नावाच्या म्हातारीचा मुलगा बेनी तलावात बुडाला होता आणि ती बाई दर महिन्याला त्याच्याशी बोलायला यायची. तिच्यावरून डेल्फीन हसत होती, अगदी मोकळेपणी, घरातली माणसं हसतात तशी. हॅचबाई कोर्टातच बसली होती. ती ओरडली नाही, तिने शापही दिला नाही. साक्षीला उभी राहिली तेव्हा तिने एवढंच विचारलं, “म्हणजे बेनी काहीच बोलला नव्हता?”

डेल्फीनला फसवणुकीबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. ऑरिन सरकारला मदत केली म्हणून घरी गेला.

पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या या बायकांच्या तुरुंगात ती आली तेव्हा पहिले काही दिवस जत्रा भरली होती. टीव्हीवरची बाई आपल्याच रांगेत ताट धरून उभी आहे म्हटल्यावर कोण सोडतंय? बाल्टिमोरची शॅव्हॉन तर रोज सकाळी कपाळाला दोन बोटं लावून विचारायची, “काय मिस डेल्फीन, वरून आज काय निरोप? जेवायला काय आहे म्हणतात?” डेल्फीन हसून सोडून द्यायची. पण यंत्र गेल्यावरही कानात चालू राहिलेल्या आवाजाबद्दल तिने कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं, एक ओपल सोडून.

ओपल मेब्री तिच्या खालच्या पलंगावर झोपायची. केंटकीची, सहासष्ट वर्षांची, गुडघ्यांनी कामातून गेलेली. नातवंडांना वाढवायला नशेच्या गोळ्या विकल्या आणि आत आली. जीभ कात्रीसारखी, पण मन लोण्याचं. “भाऊ आहे तो,” ती डेल्फीनला म्हणायची. “चुकला असेल, नाही असं नाही. पण तू काय मोठी धुतल्या तांदळाची? पाठव तो फॉर्म.”

हा फॉर्म म्हणजे भेटीला येणाऱ्या माणसाचा. कैद्याने तो भरून पाठवल्याशिवाय माणसाला आत येता येत नाही. ऑरिन दर मंगळवारी पत्र टाकायचा. तुरुंगात पत्रं आधी पहारेकरी उघडतात, वाचतात, मग देतात. म्हणजे ऑरिनने काय लिहिलंय ते टपालखान्यातल्या पहारेकऱ्याला ठाऊक होतं, फक्त डेल्फीनला नव्हतं. तिने एकही पत्र पाकिटाबाहेर काढून वाचलं नव्हतं. एकसष्ट पत्रं बुटाच्या खोक्यात रचून ठेवली होती आणि कोरा फॉर्म त्यांच्यावर. टाकूनही देववत नव्हतं आणि वाचूनही होत नव्हतं. कानात तो दिवसभर बडबडतोच आहे, पुन्हा पत्रात कशाला वाचायचा, असं ती ओपलला म्हणायची. खरं कारण वेगळं होतं. त्याने माफी मागितली असेल याची तिला धास्ती वाटायची. मग रागावणार कुणावर?

तर त्या सकाळी कान गप्प होता. ती मोजणीला उभी राहिली, दात घासले, नाश्त्याला गेली. तिसऱ्या टेबलावरची बाई रडवेली दिसत होती, तरी कानात काही नाही. सुटले एकदाची, असं तिला वाटलं. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणात राग कुठे ठेवलाय तेच सापडेना. तिने खोकं उघडलं, फॉर्म काढला आणि पलंगाच्या कडेवर बसून भरला. ऑरिन जेम्स रस्क. नातं, भाऊ.

“अगं बाई!” ओपल खालून मान वर करून बघत होती. “सूर्य कुठून उगवलाय आज?”

“गप गं.”

“मी गप्पच आहे. जेवणानंतर टाकतेस ना टपालात? की मी टाकू? तुझा काय नेम!”

“टाकते म्हटलं ना,” म्हणून डेल्फीनने घडी घालून तो खिशात ठेवला आणि ती कामावर गेली.

तिचं काम प्रार्थनाघर झाडायचं, पुसायचं. सोपं काम, पण बायका ते मागून घ्यायच्या नाहीत. कारण या तुरुंगात प्रार्थनाघराचा एक वेगळाच अर्थ होता. कुणाच्या घरचं माणूस वारलं की ती बातमी आधी फादर कोवालिकांकडे येते. ते फोन करून खात्री करतात आणि मग भोंग्यावर नाव पुकारलं जातं: अमुक अमुक, प्रार्थनाघरात या. बाकी काही सांगत नाहीत, सांगावं लागतही नाही. नाव ऐकलं की अंगणातल्या सगळ्या बायका जागच्या जागी थांबतात. जिचं नाव असतं ती मधून चालत जाते, आणि तिचं कोण गेलं असेल याचा हिशोब प्रत्येकीच्या मनात चालू असतो. भोंगा नुसता खरखरला तरी काहीजणी हातातलं काम टाकून वर बघायच्या.

फक्त डेल्फीनचं नाव पुकारलं तर कुणी थांबायचं नाही. तिला दिवसातून दोनदा बोलवायचे, कुठे पाणी सांडलंय, कुठे खुर्च्या लावायच्यात. “जा, देवाने फरशी पुसायला बोलावलंय,” शॅव्हॉन म्हणायची.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला फादर कोवालिक दारात आले. पोलिश वंशाचे, उंच, वाकलेले, कायम सर्दी झालेले. “डेल्फीन, जेवणानंतरसाठी खोली लावून ठेवशील? एक निरोप येऊ घातलाय.”

“कुणाचा, फादर?”

“नाव अजून ऑफिसातून यायचंय. मलाही माहीत नाही.”

तिने खोली लावली. आतापर्यंत अकरा वेळा लावली होती. पाण्याचा ग्लास, हातरुमालांचं खोकं डाव्या हाताला, फोन जवळ ओढलेला. खुर्ची ती नेहमी खिडकीकडे पाठ करून ठेवायची, म्हणजे बसणारीचं तोंड अंगणातून दिसत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकोणीस वर्षं तिने रडणाऱ्यांची तोंडं दिव्यांकडे वळवली होती. आता उलटं करत होती, एवढंच.

आणि मग तिची जुनी खुमखुमी जागी झाली. खोटं कशाला बोला, तिला थोडी मजाच वाटली. अंगणात चारशे बायका आहेत, त्यांतल्या एकीवर आभाळ कोसळणार आहे, आणि ते माहीत असलेली आपण एकटी. कोण असेल? आज सांगायला कानात ऑरिन नव्हता. म्हणजे पहिल्यांदाच ती स्वतःच्या अकलेवर ओळखणार होती. दार ओढून ती जेवायला गेली.

बुधवार म्हणजे बर्गर, त्यामुळे सगळ्या खुशीत होत्या. डेल्फीन एकेकीचं तोंड बघत रांगेतून सरकत होती. शॅव्हॉनची आजी आजारी होती, पण ती काल फोनवर बोलली होती. मग तिची नजर ओपलवर गेली. ओपलची मुलगी लेक्सिंग्टनच्या हॉस्पिटलात होती, मूत्रपिंडं कामातून गेलेली, रविवारपासून तिचा फोन लागत नव्हता. ओपल बर्गरला हात न लावता बसली होती. झालं. दुसरी कोण असणार?

तिला ओपलची दया आली, अगदी मनापासून. नाव भोंग्यावर ऐकण्यापेक्षा आपल्या माणसाकडून कळलेलं बरं, असं तिने ठरवलं. पण त्या दयेत तिचा तो जुना दिमाखही होता, तो वेगळा काढता येत नव्हता. ती ओपलशेजारी बसली, तिने तिचा हात हातात घेतला आणि आवाज आपसूक कार्यक्रमातल्यासारखा खाली गेला.

“ओपल, मन घट्ट कर.”

“कशाला?”

“आज प्रार्थनाघरात खुर्ची लावलीय.”

ओपलने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. “माझी लोरेटा?” ती म्हणाली. “तुला कुणी सांगितलं? नाव आलं? बोल ना गं!” ताट खाली पडलं. मोडक्या गुडघ्यांनी ती उठली, टेबलं धरत दाराकडे निघाली, दारातल्या पहारेकरणीने अडवलं तर तिलाच धरून ओरडायला लागली. डेल्फीन तिथेच बसून राहिली. असा आवाज तिने हजारदा काढायला लावला होता, पण तेव्हा तो प्रकाशाच्या पलीकडून यायचा.

भोंगा खरखरला.

“रस्क. प्रार्थनाघरात या. डेल्फीन रस्क.”

ओपल थांबली. तिने भोंग्याकडे पाहिलं, मग डेल्फीनकडे, आणि तिला एकदम रडू आणि हसू दोन्ही फुटलं. “फरशी पुसायला बोलावतायत तुला, भवाने! आणि तू माझा जीव घेत होतीस? माझ्या पोरीवर आलीस? तोंड नको दाखवूस मला!”

“अजून दुसरं नाव यायचंय...” डेल्फीन पुटपुटली.

“नीघ इथून!”

ती निघाली. मान खाली घालून अंगण ओलांडलं. तिच्यासाठी कुणी थांबलं नाही, व्हॉलीबॉलचा खेळ चालूच राहिला. प्रार्थनाघराच्या मागच्या कोपऱ्यातून तिने बादली उचलली, पाणी भरलं, आणि दोन्ही हात गुंतलेले म्हणून खोलीचं दार खांद्याने ढकललं.

फादर उभे होते.

“बादली ठेव, डेल्फीन.”

“कुठे सांडलंय?”

“बस, बाळा.”

तिने खुर्चीकडे पाहिलं. खिडकीकडे पाठ केलेली. डाव्या हाताला रुमालांचं खोकं. ग्लासावर तिच्याच बोटांचे ठसे होते.

“तुला खोली लावायला सांगितली तेव्हा मला माहीत नव्हतं,” फादर म्हणाले. “देवाशपथ माहीत नव्हतं. तुझा भाऊ. आज पहाटे पावणेपाचला.”

ती बसली. हातात अजून बादली होती, ती फादरनी सोडवून घेतली.

“कशाने?”

“फुप्फुसांचा कर्करोग. त्याची बायको म्हणाली, तुला सगळं ठाऊक आहे. तो दर आठवड्याला लिहून कळवत होता म्हणे. फॉर्मची वाट बघत होता शेवटपर्यंत.”

डेल्फीनने खिशावर हात ठेवला. कुणाचा नवरा यकृताने गेला, कुणाची आई पायऱ्यांवरून पडून गेली, कुणाचं पोर तलावात बुडालं, हे तिला एकोणीस वर्षं सगळ्यांच्या आधी ठाऊक असायचं. सख्खा भाऊ वर्षभर मरत होता, ते टपालखान्यातल्या पहारेकऱ्याला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. तिने सुटले म्हटलं होतं, त्याच सकाळी. तिला स्वतःची किळस आली. रुमालाचं खोकं शेजारीच होतं, पण तिचा हात तिकडे जाईना.

चारच्या मोजणीला सगळ्यांना आपापल्या पलंगाशी उभं राहावं लागतं, एक शब्द न बोलता. तोवर बातमी सगळीकडे पोचली होती. शॅव्हॉन समोर उभी होती आणि खाली बघत होती. पहारेकरीण मोजत पुढे गेली. ओपलने सुजलेल्या डोळ्यांनी समोर बघत बघत हात लांबवला आणि डेल्फीनची करंगळी धरून ठेवली.

मोजणी संपल्याचा भोंगा झाला. कुणी हललं नाही.

“मघाशी मी बोलले ते...” ओपल म्हणाली. “जाऊ दे. अगं, तो बोलतो ना तुझ्याशी? कानात? तू सांगितलं होतंस मला.” तिने करंगळी घट्ट दाबली. ती थट्टा करत नव्हती. साऱ्या रांगेत कुणीच थट्टा करत नव्हतं. “काय म्हणतोय तो?”

डेल्फीनने मान डावीकडे कलती केली. डोळे मिटले, छातीवर हात ठेवला, आणि ती ऐकत राहिली. बराच वेळ ऐकत राहिली. बायका श्वास रोखून उभ्या होत्या.

“काही नाही गं,” ती म्हणाली. “काहीच बोलत नाहीये.”