फुटकी म्हणा मला

मी फुटकी बोलते आहे. मी होडी आहे खरी, पण लगेच वाकून तळ बघू नका. फुटकी हे माझं नाव. पैनगंगेच्या काठी, उमरखेड तालुक्यातल्या एका लहान गावात माझा जन्म झाला, तेव्हा माझ्या अंगावर केसाएवढी भेग नव्हती.

सुतार सागाच्या फळ्या जोडत गेला आणि माझा मालक उकंडा फटीफटीत कापूस ठासून वरून ऊन ऊन डांबर ओतत गेला. कापूस त्याच्याच वावरातला. त्या साली कापसाला कोणी विचारत नव्हतं. "बाजारात नाई तं नाई, नदीत तरी कामी येईन," उकंडा म्हणाला.

आता नावाचं सांगते. उकंडाच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तसा तिनं त्याला उकिरड्यावर ठेवला, मग उचलून घरात आणला आणि नाव ठेवलं उकंडा. टाकलेल्या पोरावर कोणाचा डोळा जाणार? पोर जगलं. पुढं घर बौद्ध झालं, जुने देव सुटले, नवस सुटले, ही एवढी भीती मात्र त्याच्या पोटात राहूनच गेली. मला पाण्यात लोटताना तो म्हणाला, "फुटक्या नावेले नदी कायले नेईन?" पाण्यावर असताना हिला चांगल्या नावानं हाक मारायची नाही, अशी त्यानं सगळ्यांना ताकीदच दिली.

मला ते फार बरं वाटलं, कारण मी मुळातच भित्री. खालून पाणी तळाला घासत जातं तेव्हा अजून माझ्या अंगावर काटा येतो. पण निंदणाला, वेचणीला पलीकडं जाणाऱ्या बाया चढल्या आणि "चाल व फुटके" म्हणाल्या की जीव जरा खाली पडायचा.

मग एका श्रावणात पूर आला. उकंडाची बायको सत्यभामा बायांना घेऊन पलीकडच्या वावरात निंदायला गेली होती. पाण्यानं त्यांना वेढलं आणि त्या एका टेकाडावर अडकल्या. काठावरून त्यांची लुगडी तेवढी दिसत होती. उकंडाची लेक मैत्रेयी माझा दोर धरून उभी होती.

शाम नावाचा पोलीस वायरलेस घेऊन काठावर आला होता. परवानगीशिवाय एकही नाव सोडायची नाही, असा त्याला हुकूम होता.

"सर, फुटकी नाव तयार आहे. बाया आणायला पाठवतो. ओव्हर."

"फुटकी नाव पाण्यात घालू नका. ओव्हर."

"फुटकी नाही, सर. तिचं नाव फुटकी आहे."

"फुटकी आहे का नाही, एक काय ते सांग."

"आहे, सर. म्हणजे, चांगली आहे."

"काठावरच थांबा. उमरखेडहून दुसरी बोट निघते आहे."

मागं कोणीतरी हसलं. मैत्रेयी हसली नाही. उमरखेडचा रस्ता सकाळीच पाण्याखाली गेला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका, दुसरं कोणतंबी नाव सांगा," शाम हळूच म्हणाला. "साहेबाले समजावत बसलो तं बाया जातीन."

उकंडानं माझ्याकडं पाहिलं. मी पाण्यावरच होते. नको रे बाबा, इथं नको, असं मला ओरडावंसं वाटलं. पण टेकाड आणखी लहान झालं होतं. त्याच्याजवळ चांगलं नाव एकच होतं, तेच त्याच्या तोंडून निघालं. "मैत्रेयी."

"मैत्रेयी नाव तयार आहे, सर."

"मैत्रेयी, निघा."

नदीनं ऐकलं, आता ती मला सोडत नाही, एवढंच डोक्यात होतं. जाताना काही झालं नाही. बाया चढल्या. परतताना मात्र वाहत आलेलं बाभळीचं खोड माझ्या कुशीवर आदळलं. फट उघडली, कापूस निघून गेला आणि पाणी आत आलं. सत्यभामानं पदर फाडला, फटीत कोंबला आणि त्यावर बसली. "तू वल्हव. मांगं पाहू नको," ती नवऱ्याला म्हणाली.

सगळ्या जणी काठाला लागल्या. उकंडानं मात्र लेकीला असं पोटाशी धरलं की जणू तीच पुरातून आली असावी.

पाणी ओसरल्यावर त्यानं मला ओढत वर आणलं आणि पालथं घातलं.

"काहून गा? एक फट तं हाय. डांबर लाव," सत्यभामा म्हणाली.

"पोरीचं नाव सांगतलं म्या नदीले. आता हिले पाण्यात कसा टाकू?"

तेव्हापासून मी इथं कडुनिंबाखाली पडून आहे. बाया लांबच्या पुलावरून जातात, घाई असली की कमरेएवढ्या पाण्यातून एकमेकींचे हात धरून उतरतात. मला ते बघवत नाही. उन्हानं माझ्या फळ्या आखडल्या. फटींतला कापूस चिमण्या घरट्याला नेतात. वाईट नाव होतं तोवर मी धड होते. चांगलं नाव मिळालं आणि मी खरोखरच फुटत चालले आहे.

मैत्रेयी कधी पुस्तक घेऊन माझ्या पाठीवर बसते. पोरी, पाण्याची भीती मला अजून वाटते, पण इथं वाळून मरायची त्याहून जास्त वाटते. बापाला सांग, थोडा कापूस आण, थोडं डांबर तापव. तुझं नाव तू घे, आणि माझं मला परत दे.