एलिश्काबाईंची भिंत

मित्रांनो, मी बोहेमियातला एक जुना राजवाडा आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या दारावरचं मालकाच्या घराण्याचं मानचिन्ह इतक्यांदा तासलं गेलं आहे, की तिथला दगड आता आत गेला आहे. नवा मालक आला की आधी छिन्नी मागवतो, ही इकडची रीतच.

मला बांधलं वोक नावाच्या सरदाराने. तो तरुणपणी इटलीला जाऊन आला आणि तिथल्या घरांच्या प्रेमात पडला. मग त्याने गवंडीही तिथलेच आणले. त्यांनी माझ्या चौकाभोवती दोन मजली कमानी उभ्या केल्या आणि त्यांच्यामागे मोकळ्या ओसऱ्या ठेवल्या. लोक माना वर करून बघत राहत. मलाही ते आवडे, खोटं कशाला बोलू?

मग हिवाळा आला. ओसरीत गुडघाभर बर्फ साचला. स्वयंपाकघरातून निघालेलं सूप दालनात पोचेपर्यंत गार होई.

"इटलीहून कमानी आणल्यात, येताना थोडं ऊनही आणायचं होतंत!" वोकची बायको एलिश्का म्हणाली.

"अगं, पाहुणे किती वाखाणतात!"

"पाहुणे उन्हाळ्यात येतात, अहो. हिवाळाभर शिंकते मी."

वोक गेल्यावर बाईंनी सगळ्या कमानी विटांनी बुजवून टाकल्या. मी देखणा उरलो नाही, पण उबदार झालो.

पुढे युद्धात हे घराणं हरलं आणि मी एका परक्या सेनापतीला बक्षीस मिळालो. त्याच्या वंशजांनी मला पत्त्यांत घालवलं. शेवटी बिअरच्या धंद्यात गबर झालेल्या एका घराण्याने मला घेतलं. मग सरकारने त्यांनाही बाहेर काढलं. दारावर लाल तारा आला आणि वरच्या ओसऱ्यांत सहकारी शेतीचा गहू. मी तक्रार केली नाही. कोणी विचारलंही नाही.

चाळीस वर्षांनी सरकार बदललं आणि बिअरवाल्यांचा लेओपोल्ड परत आला. गेला तेव्हा तिशीचा तरुण होता, आला तो काठी टेकत. कमानी उघडायचं त्याच्या वडिलांनी ठरवलं होतं, तेवढ्यात घरच गेलं. आता डोळे मिटण्याआधी त्या मोकळ्या बघायच्या, एवढा एकच ध्यास त्याने घेतला होता.

विटा निघू लागल्या. एकेक कमान मोकळी झाली की म्हातारा टोपी काढून उभा राही. शेवटच्या कमानीपाशी मुकादम थांबला. विटांआडचा खांब उभा चिरला होता. गव्हाच्या ओझ्याने तो केव्हाच मोडला होता आणि इतकी वर्षं वरचा भार भिंतच पेलत होती.

"बाबा, ही राहू द्या," लेओपोल्डची मुलगी इरेना म्हणाली.

"काढा! अर्धवट काम बघायला आलोय का मी?"

"काढली तर माडी खाली येईल, तुमच्यासकट. आधी खांब बदलायला हवा. त्याला वर्षं लागतील."

तेवढी वर्षं लेओपोल्डकडे नव्हती. त्याने भिंतीवर हात ठेवला. "राहू दे," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं. इतके मालक झाले, पण असं क्वचितच वाटलं.

हिवाळ्यात मोकळ्या ओसऱ्यांत पुन्हा बर्फ साचला. तरी कमानी बघायला लेओपोल्ड रोज बाहेर यायचाच. वारा लागू नये म्हणून त्याची खुर्ची त्याच भिंतीच्या आडोशाला मांडावी लागे. सूपही तिथेच येई.

"काय बाबा, काढायची का भिंत?" इरेना विचारी.

"गप गं. सूप गरम आहे."

लेओपोल्ड आता नाही. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. जुन्या घराला जपायला याल तेव्हा हातोडा उचलण्याआधी, कुरूप दिसणारी भिंत कोणाचा भार वाहते आहे, तेवढं बघा. इरेनाने दारावर मानचिन्ह बसवलं नाही आणि खांबाला हात लावला नाही. वडिलांची खुर्ची तिने भिंतीपाशी तशीच ठेवली आहे. थंडी पडली की ती तिथे बसून सूप पिते.