गरुडाची शेपटी आणि शेवग्याच्या शेंगा

"बेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, आणि साधी चप्पल घ्यायची तरी पक्ष्याला विचारून येतो," असं मुक्ताबाई वाशीच्या अख्ख्या सोसायटीत सांगत फिरायच्या. घोडा म्हणजे त्यांचा मुलगा मधुकर, सरकारी कचेरीतला कारकून.

पक्षी सानपाड्यात होता. पंच्याऐंशी साली तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये गरुडबाबांनी मठ मांडला, आणि दर गुरुवारी पाय ठेवायला जागा उरेना. पाटावर पांढऱ्या थर्माकोलचा दीड हाताचा गरुड बसलेला. प्रश्न विचारला की तो शेपटी हलवायचा. उजवीकडे म्हणजे हो, डावीकडे म्हणजे नाही. दोरा नाही, कुणाचा हात नाही.

"हा वैकुंठाहून थेट इथं आला," बाबा सांगायचे, "वाटेत कुठंही थांबला नाही."

"एस.टी.सुद्धा पनवेलला थांबते," मुक्ताबाई पुटपुटल्या. मधुकरनं त्यांना एकदा बळेच नेलं होतं, ते असं अंगाशी आलं.

इथवर गंमत होती. मग मधुकरनं विचारलं, माझ्या वैशालीनं नर्सिंगला जावं का. शेपटी डावीकडे गेली. बाबांनी अर्थ लावला : एकवीस गुरुवार सेवा करा, तोवर मुलीनं शिक्षणासाठी उंबरा ओलांडायचा नाही. फॉर्मची शेवटची तारीख तर पुढचा शुक्रवार. मधुकरनं फॉर्म सही न करताच कपाटात ठेवला आणि चावी खिशात टाकली. पोरगी ताटावरून उठून जाऊ लागली.

मुक्ताबाई दुसरी शिकलेल्या, पण कान शाबूत होते. शेपटी हलताना त्यांनी बारीक किर्र आवाज ऐकला होता. तो कुठला, हे त्यांना भाकरी थापताना आठवलं. पिठाच्या हातानंच त्या खालच्या मजल्यावर दिनानाथकडे गेल्या. दिनानाथ टेलिफोन खात्यातला. फावल्या वेळात थर्माकोल आणि बांबूच्या काड्यांची विमानं बनवायचा, रेडिओवर उडवायचा.

"दिनू, शेपटीची मोटर दाखव."

दिनानाथनं अर्धवट विमान पुढं ओढलं. काड्यापेटीएवढ्या डबीपासून सायकलच्या आऱ्याची तार शेपटीपर्यंत गेली होती. हातातल्या ट्रान्समीटरची काडी त्यानं सरकवली. किर्र. शेपटी वळली.

"तार या भोकात अडकवली तर उजवीकडे, त्या भोकात अडकवली तर उलटी," तो म्हणाला. "उडवायच्या आधी दहा वेळा तपासावं लागतं, नायतर विमान थेट नाल्यात."

"आणि ही लोंबती वायर?"

"एरियल."

"तिथं बाया तिला डोळ्यांना लावतात. बरं, मागं पडदा हाय. त्याच्या वर एक चकचकीत दांडी डोकावते आणि दांडीला पिवळी रिबीन. बाबा म्हणतात पताका."

दिनानाथ हसत सुटला. "मावशी, ती दांडी ट्रान्समीटरची, आणि तिला रिबीन आम्ही विमानवालेच बांधतो. आत कुठल्या रंगाचा क्रिस्टल आहे, म्हणजे कुठलं स्टेशन लागलंय, ते सगळ्यांना दिसावं म्हणून. एकाच रंगाचे दोन ट्रान्समीटर चालू झाले की विमान दोघांचं ऐकायला जातं. गडी सवयीनं बांधून बसलाय."

"दोघांतलं कुणाचं ऐकतं?"

"जवळ असेल त्याचं जास्त."

"मग तुझ्याकडचा पिवळा काढ."

गुरुवारी मुक्ताबाई भाजी मार्केटातून सरळ मठात आल्या आणि पाटापासून दोन हातांवर बसल्या. मधुकर आधीच रांगेत हात जोडून बसला होता, दिनानाथ गर्दीतून पडद्यापाशी सरकला. मांडीवर पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा वर आलेल्या. त्यातली एक शेंग जरा जास्तच चकाकत होती.

"माते, भाजी बाहेर ठेवावी."

"बाबा, इथं चपला राहत नाहीत, भाजी काय राहणार?"

पहिल्या रांगेत हशा पिकला. बाबांनी घाईनं प्रश्न विचारायला सांगितलं.

"माझ्या नातीनं नर्सिंगला जावं का?"

पडद्यामागचा हात डावीकडे गेला, पिशवीतला उजवीकडे. शेपटी थरथरली, अडखळली आणि उजवीकडे वळली.

"गरुडराज अजून विचारात आहेत," बाबा म्हणाले.

"झाला त्यांचा विचार. आता सांगा गरुडराज, बाबांनी हे दुकान उठवावं का?"

शेपटी पुन्हा उजवीकडे. वर शेपटीच्या टोकानं तीनदा पाटावर टकटक.

"मातेच्या अंगात काही तरी शिरलंय."

"अंगात नाय, पिशवीत हाय." मुक्ताबाईंनी शेंगा बाजूला सारून ट्रान्समीटर बाहेर काढला. "मधू, ये इकडं. ही काडी सरकव."

मधुकरचे जोडलेले हात सुटेनात. अखेर त्यानं एका बोटानं काडी ढकलली. किर्र. उलटी ढकलली. किर्र. गरुड आता त्याचं ऐकत होता. तेवढ्यात दिनानाथनं पडदा ओढला. मागं शिष्य श्यामसुंदर तसलाच डबा मांडीवर घेऊन घामाघूम बसला होता.

"हे विमान उडवायचं सामान आहे," दिनानाथ लोकांना म्हणाला. "चार सेल, एक मोटर, एक तार. सेल काढले की वैकुंठ बंद. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एकदा पडद्यामागं जाऊन बघत जा."

बाबा मागच्या दारानं सटकले. गरुडाला न्यायचंही त्यांना सुचलं नाही. मधुकर मात्र काडी इकडून तिकडे सरकवत तसाच उभा.

"पण आई, माझ्या बदलीचं त्यानं बरोबर सांगितलं होतं."

"उत्तरं दोनच. नाणं उडवलं असतंस तरी निम्म्या वेळा बरोबर आलं असतं." मुक्ताबाईंनी शेंगा पुन्हा पिशवीत रचल्या. मग सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मधू, छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तुझ्या आज्यानं घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. गाव म्हणालं, आता यांचं वाटोळं होणार. टोपलीची एक बाजू तुझ्या हातात होती, तेरा वर्षांचा होतास, हात थरथरला नाय तुझा. म्हणून शिकलास, खुर्चीवर बसलास. आणि आता थर्माकोलला विचारतोस, पोरीला शिकवू का. तू वाईट नायस, मधू, आळशी हायस. डोकं चालवायचा आळस. घरी चल, कपाट उघड, फॉर्मवर सही कर. आणि अजून पक्ष्यालाच विचारायचं असलं तर इथंच विचारून घे. काडी तुझ्याच हातात हाय."