ओरखडा नसलेली गाडी

दत्ताराम परब चौदा वर्षं गिरणीत फिटर होता. ब्याऐंशीच्या संपाने गिरणी गेली, आणि वर्षभर घरी बसून काढल्यावर त्याने साकीनाक्याला पत्र्याची एक शेड घेऊन वेल्डिंगचं काम सुरू केलं. खिडक्यांचे गज, जिन्यांचे कठडे, हातगाड्यांची चाकं, येईल ते तो करायचा. काम करताना कमी बोलायचा आणि काम झाल्यावर जास्त. आपण केलेला सांधा सुटणार नाही, हे सांगायला त्याला फार आवडायचं, आणि खरं म्हणजे सुटायचाही नाही.

त्या बसून काढलेल्या वर्षात घर चाललं ते बायकोमुळे. सुगंधा असल्फ्याहून मरोळ गावात जायची, मार्सेलिनाच्या हाताखाली. मार्सेलिना आणि तिचा नवरा क्लेमेंट लग्नाकार्यांचा स्वयंपाक करायचे. मरोळ, कोंडिविटा, सहार, जिथे म्हणून ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची घरं होती तिथे लग्न ठरलं की आधी पाद्रीला कळवायचे आणि मग मार्सेलिनाला. अंडी आणि नारळाचा रस घालून ती फुग्यांचं, म्हणजे लग्नात लागणाऱ्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ हाताने फेटायची, तासतासभर, मोठ्या परातीत वाकून. सुगंधा भांडी घासायला गेली होती, पण पहिल्याच दिवशी मार्सेलिनाने तिला आपल्या शेजारी जेवायला बसवलं आणि निघताना डबा भरून दिला. तो डबा वर्षभर रोज येत राहिला, आणि शेड सुरू झाल्यावरही. दत्ताराम त्या बाईला मार्सेलिनाबाय म्हणायचा. कुणापुढे फारसा न वाकणारा माणूस, पण तिच्या दारात चपला काढून उभा राहायचा.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीच्या सुमाराला क्लेमेंटने जुनी फियाट घेतली. मोठी पातेली न्यायला दर वेळी टेम्पो बघावा लागायचा, म्हणून त्याला गाडीमागे जोडायची एक ट्रॉली हवी होती. दत्तारामने ट्रॉली बनवली आणि ती अडकवायला गाडीच्या मागे लोखंडी दांडाही बनवला. क्लेमेंटचं म्हणणं होतं की दांडा नटबोल्टचा कर, काम नसेल तेव्हा काढून ठेवता येईल. दत्तारामला ते पटलं नाही. बोल्ट ढिले होतात, भर रस्त्यात ट्रॉली सुटली तर कोण जबाबदार? त्याने जाड लोखंडी चॅनल घेतला आणि गाडीच्या तळाच्या पट्ट्यांना थेट वेल्ड करून टाकला. बंपरच्या बाहेर वीतभर येणारा तो दांडा, त्याच्या टोकाला लोखंडी गोळा. काम झाल्यावर त्याने त्यावर उभं राहून उड्या मारून दाखवल्या.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, क्लेमेंट आणि मार्सेलिना सहारहून एका बारशाचं जेवण उरकून येत होते. ट्रॉली त्या दिवशी जोडलेली नव्हती. चकाल्याच्या सिग्नलला गाडी उभी होती. मागच्या सीटवर रश्श्याचं पातेलं होतं, ते कलंडतंय का म्हणून मार्सेलिना मान मागे वळवून बघत होती. मागून टेम्पो आला. त्याचा ब्रेक वेळेवर लागला नाही आणि तो थेट त्या लोखंडी गोळ्यावर आदळला. क्लेमेंटला तो आरशात दिसला होता, त्याने स्टिअरिंग घट्ट धरून पाठ सीटला टेकवली होती. मार्सेलिनाला काहीच कळलं नाही. सीटची पाठ खांद्यापर्यंतच होती, त्या काळच्या गाड्यांना असायची तशी. तिचं डोकं मागे फेकलं गेलं आणि पुढे आलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं, मग सगळं जागच्या जागी दिसायला लागलं.

दोघं खाली उतरली. टेम्पोचा रेडिएटर फुटून रस्त्यावर पाणी वाहत होतं. फियाटला काही म्हणता काही झालं नव्हतं. मागचे दिवेसुद्धा शाबूत. क्लेमेंट गाडी तशीच साकीनाक्याला घेऊन आला आणि दत्तारामला बाहेर बोलावून त्याने ती दाखवली. दत्ताराम जमिनीवर आडवा होऊन खाली शिरला, सांध्यावरून बोट फिरवून बाहेर आला. सांध्याला केसाएवढीही चीर नव्हती. आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांना त्याने स्वतः बोलावून आणलं. मार्सेलिना गाडीतच बसून होती. तिने चहा नको म्हटलं, एवढंच त्याला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मान लाकडासारखी ताठ झाली. आठ दिवसांत कमी होईल असं सगळे म्हणाले, ते झालं नाही. डोक्याच्या मागून कळ निघायची ती उजव्या हाताच्या बोटांपर्यंत जायची. उठून बसलं की गरगरायचं. परातीवर वाकणं तर दूरच, तिला केस विंचरता येईनात. सरकारी हॉस्पिटलात फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हाडं चांगली आहेत, आराम करा. गळ्याला पट्टा दिला आणि गोळ्या दिल्या.

हाडं चांगली आणि गाडीही चांगली. मग बाईला झालंय काय, असं आधी शेजारीपाजारी म्हणायला लागले. होळीनंतर दत्ताराम तिला बघायला गेला. क्लेमेंट होता, गावातल्या दोन बायका होत्या. मार्सेलिना भिंतीला टेकून बसली होती. दत्तारामला वाटलं, बाय घाबरलीय, जरा हसवावं. तो म्हणाला, "बाय, गाडीला ओरखडा नाही, टेम्पोची वाट लागली. तुला कसं काय लागलं?"

बायका हसल्या. क्लेमेंटही हसला. मार्सेलिना नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

ते वाक्य गावभर झालं. दांडा बनवणारा माणूसच म्हणतोय की धक्का बसलाच नाही, मग आणखी कुणाला विचारायचं? क्लेमेंट वाईट माणूस नव्हता. पण मे महिना लग्नांचा, तीन कामं आधीच घेतलेली, आणि घरात बायको पट्टा लावून बसलेली. तो एक दिवस चिडून म्हणाला की दत्ता गाडीखाली जाऊन बघून आलाय, तू नाटकं पुरे कर. हे सुगंधाच्या समोर झालं. ती घरी आली आणि जेवणाचं ताट पुढे सरकवताना नवऱ्याला म्हणाली, "ती बाय खोटा सांगूची नाय. तुमी तिच्या घराक जावन नको ता बोललात." दत्तारामने ताटावरून मान वर केली नाही. मनात म्हणाला, लोखंड खोटं बोलत नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मार्सेलिनाने पट्टा काढून ठेवला आणि कोंडिविट्याच्या लग्नाला उभी राहिली. तीनशे पानं होती. सकाळपासून तिने परातीत पीठ फेटलं. सुगंधा शेजारी होती. ती सांगायची की बायच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि ओठ पांढरे पडले होते, पण थांब म्हटलं तर ऐकेना. दुपारी भाताचं पातेलं चुलीवरून उतरवायला तिने एका बाजूने हात लावला. मानेत काहीतरी सटकल्यासारखं झालं आणि उजवा हात खांद्यापासून लोंबकळला. पातेलं पडलं, ती पडली. त्या दिवसानंतर त्या हाताने तिला भरलेला पेलाही नीट धरता आला नाही.

तरीही गावात दोन तट होते. एक म्हणायचा दुखणं खरं आहे, दुसरा म्हणायचा पडल्यामुळे झालं, टेम्पोचा काय संबंध. दत्ताराम दुसऱ्या तटात होता. त्याच्या घरी डबा यायचा बंद झाला होता, आता सुगंधा मरोळला डबा घेऊन जायची.

पुढच्या जानेवारीत त्याच्या शेडपुढे एक गाडी ओढत आणली. तशीच फियाट, तसाच मागून टेम्पो आदळलेला, पण ह्या गाडीला दांडा नव्हता. डिकी चुरगळून मागच्या सीटला टेकली होती. मालक शिवदास नावाचा घाटकोपरचा कापडवाला. दत्तारामने घाबरून विचारलं, आत कोण होतं? शिवदास म्हणाला, मी होतो आणि बायको पुढे बसली होती. बायको कुठे आहे? ही काय, मागे उभी आहे, उसाचा रस पितेय.

ती बाई खरोखरच गुऱ्हाळाशी उभी होती. कुणीतरी हाक मारली तर तिने सहज मान वळवून बघितलं.

दत्तारामने हातातली पकड खाली ठेवली. तो त्या चेपलेल्या डिकीपाशी उकिडवा बसला. पत्र्याच्या घड्या पडल्या होत्या, घडीवर घडी. एकेक घडी पडताना थोडा थोडा धक्का त्यात जिरला होता. गिरणीत मोठ्या मशीनखाली ते रबराचे जाड तुकडे घालायचे, का घालायचे ते त्यानेच नव्या फिटरांना शिकवलं होतं. नाहीतर हादरा सरळ जमिनीत जातो आणि भिंत तडकते. आणि क्लेमेंटच्या गाडीला त्याने काय केलं होतं? टेम्पो आणि सीट यांच्या मधे एक न वाकणारं लोखंड बसवलं होतं. गाडी वाकली नाही. मग जे वाकायचं होतं ते आत बसलेल्या बाईत वाकलं.

त्याने ते काम हातात घेतलं नाही. शेड बंद केली आणि तो हॉस्पिटलात गेला, जिथे मार्सेलिनाचा फोटो काढला होता तिथे. दोन दिवस खेटे घातल्यावर एका बाई डॉक्टरने त्याचं ऐकून घेतलं. तो हातांनी दाखवत राहिला, दांडा असा, टेम्पो असा. ती म्हणाली की मी इंजिनिअर नाही, पण तुम्ही म्हणता तसं होऊ शकतं. मान तेव्हा वळलेली असेल तर आणखी वाईट. फोटोत हाडं दिसतात, हाडांना धरून ठेवणारे आतले बंध ताणले किंवा फाटले तर ते दिसत नाहीत. त्याने विचारलं, सुरुवातीला नीट आराम मिळाला असता तर? डॉक्टरने सांगितलं की नक्की कुणीच सांगू शकणार नाही, पण जड उचलायला नको होतं.

तिथून तो सरळ मरोळला गेला. मार्सेलिना आतल्या खोलीत खाटेवर होती. दारात त्याने चपला काढल्या आणि तसाच उभा राहिला.

"इथे समोर ये," ती म्हणाली. "तिकडे वळून बघता येत नाही मला."

तो तिच्यापुढे जमिनीवर बसला. शिवदासच्या गाडीचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "बाय, धक्का बसला होता. सगळाच्या सगळा तुलाच बसला. माझ्या दांड्याने आणून दिला. आणि वर मीच तुला विचारलं, कसं लागलं."

 मार्सेलिनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नाही, हुंदका नाही. हुंदका दिला तर मान दुखायची.

"माझं मलाच खोटं वाटायला लागलं होतं रे," ती म्हणाली. "कधीकधी वाटायचं, सगळे म्हणतात तर असेल, मीच नाटकी असेन. म्हणून त्या लग्नाला उभी राहिले. बघावं म्हटलं."

दत्तारामला वाटलं होतं ती शिव्या देईल. तेवढ्या तयारीने तो आला होता. ह्याची तयारी त्याच्याजवळ नव्हती.

क्लेमेंट संध्याकाळी आला तेव्हा दत्तारामने पुन्हा सगळं सांगितलं.  ऐकून झाल्यावर क्लेमेंट अंगणात गेला, गाडीपाशी उभा राहिला, आणि तिथूनच म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून मी तिला बोललो. आता तू सांगतोस म्हणून काय करू?"  दुसऱ्या दिवशी दत्तारामने गॅसकटर नेऊन तो दांडा कापला. सांधा इतका पक्का होता की कापायला अख्खी सकाळ लागली.

क्लेमेंट नंतर बायकोशी नीट वागायला लागला. फारच नीट. तिला उशी द्यायचा, पाणी द्यायचा, आणि तिच्या डोळ्यांकडे बघायचा नाही. गावातल्या बायकाही येऊन जायच्या आणि आपण तर आधीपासूनच म्हणत होतो असं सांगायच्या. मार्सेलिना सुगंधाला एकदा म्हणाली की ह्या गावात मला खोटी न म्हणालेलं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

ईस्टर झाल्यावर तिचा भाऊ उत्तनहून तिला न्यायला आला. थोडे दिवस समुद्राच्या हवेला, असं म्हणाले, पण तिने कपाटातले सगळे कपडे बांधून घेतले होते. क्लेमेंटने गाडी काढली, पण ती गाडीत बसायला तयार होईना. म्हणून सगळे चालत बसस्टॉपवर गेले. सुगंधाने तिचा डावा हात धरला होता. दत्ताराम बोचकं घेऊन मागे होता आणि त्याच्याही मागे क्लेमेंट.

बस आली. भावाने तिला जपून चढवलं आणि खिडकीशी बसवलं. सुगंधा खिडकीखाली जाऊन काहीतरी बोलली. घंटी वाजली आणि बस हलली. क्लेमेंटने हात वर केला. दत्तारामनेही केला. खिडकीत मार्सेलिनाचा अंबाडा दिसत होता, सुगंधाने सकाळी घालून दिलेला, आणि त्याखालचा पांढरा पट्टा. ती समोर बघत होती. तिला मागे वळायचं होतं की नाही हे त्या दोघांना कळायला मार्ग नव्हता, कारण वळता तिला येतच नव्हतं. बस नाक्यावरून दिसेनाशी झाली तरी दोघांचे हात तसेच वर राहिले. मग सुगंधा म्हणाली, चला, आणि ती एकटीच पुढे चालायला लागली.