विमानाने एक तास दहा मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फलक आहे. तिकिटांच्या दुकानात भिंतीकडे तोंड करून उभा आहे, त्यामुळे तुम्हाला माझी पाठच दिसेल. खरे तर तोंड दाखवायला मला जागाच उरलेली नाही.

एका रंगाऱ्याने दोन दिवस खपून मला रंगवले. 'मोठे शहर. रस्त्याने ४९० किलोमीटर, नऊ तास. विमानाने ३८० किलोमीटर, एक तास दहा मिनिटे.' विमानाची ओळ लालभडक! अहाहा, काय माझा रुबाब होता! खाली त्याने एक काळी पट्टी मोकळी सोडली. ती तिकीटकाकांसाठी.

तिकीटकाका म्हणजे दुकानाचे सर्वेसर्वा. रोज सकाळी आठला ते विमानतळावर फोन लावत आणि पट्टीवर खडूने लिहीत, 'आज धुके. चार तास उशीर.' कुणी लाल ओळीवर भाळले की म्हणत, "अहो, तो तास नुसता हवेतला! विमानतळावर दोन तास आधी जा, तिथं उतरलात की शहरात शिरायला दीड तास. हा फलक अर्धंच बोलतो." मला भारी राग यायचा. अर्धंच बोलतो म्हणे!

पुढे काका थकले. त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या बसू लागला. माणूस वाईट नव्हता, पण फोनचा त्याला कंटाळा. "सगळं लिहिलंय की भिंतीवर," म्हणायचा. पट्टी कोरी राहू लागली. खोटे कशाला बोलू, मला बरेच वाटले.

एके सकाळी पावणेदहाला एक बाई धापा टाकत आल्या. शिक्षिका असाव्यात, बोटांना लाल शाई होती.

"वडिलांचं आज रात्री आठला ऑपरेशन आहे. वाचतील की नाही, डॉक्टरांनाही खात्री नाही. सारखं मला बोलावतायत. आठच्या आत पोचायचंय. बसने जाऊ की विमानाने?"

बाहेर दहाची बस उभी होती. पुतण्याने मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवले. "ताई, हे काय विचारणं झालं? एक तास दहा मिनिटं! एकचं विमान घ्या. दुपारचा चहा वडिलांजवळ."

बाईंनी मला वाचले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ते हायसे झालेले तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. काकांचे बोलणे आठवून ओरडावेसे वाटले, पण मला रंगवलेले तेवढेच बोलता येते.

त्या दिवशी धुके होते. एकचे विमान साडेसहाला उडाले.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी एवढेच विचारले, "त्या दिवशीची बस किती वाजता पोचली?"

"सातला," पुतण्या पुटपुटला.

"मी साडेनऊला पोचले. त्यांना आत नेलं होतं. आत नेईपर्यंत दाराकडे बघत होते म्हणे. पुन्हा डोळे उघडलेच नाहीत."

त्या गेल्यावर त्याने मला उतरवून असे उभे केले. काकांचा खडू माझ्या पायाशी पडून आहे. रोज सकाळी आठला मी कान टवकारतो. फोन लावल्याचा आवाज येत नाही.

मित्रांनो, मला खुशाल जाळून टाका. पण कुणी धापा टाकत येऊन 'लवकर कसं पोचू?' असे विचारले, तर भिंतीकडे बोट दाखवू नका. आधी फोन लावा. तिकडे कुणीतरी दाराकडे बघत असते.